हाताची हालचाल मोजणारी माणसे : विद्यापीठातील एका प्रयोगशाळेत घालवलेले अकरा तास

इंग्लंडच्या उत्तर भागातील एका विद्यापीठात, शरीराच्या हालचाली मेंदू कशा घडवतो याचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा आहे. पक्षाघाताच्या रुग्णांशी तुलना करण्यासाठी तिला त्यांच्याच वयाची निरोगी माणसे हवी असतात, आणि पन्नाशी ओलांडलेले स्वयंसेवक सहसा मिळत नाहीत. माझे वय ५७ आहे. गेल्या हिवाळ्यापासून मी तेथे चार वेळा गेले आणि मिळून सुमारे अकरा तास बसले. आपल्या ओळखीतील अनेकांकडे अशा प्रयोगांची निमंत्रणे येतात आणि ‘डोक्याला चुंबक लावतात म्हणे, जावे की नाही?’ असे मला आता वारंवार विचारले जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. प्रयोगशाळेचे नाव मात्र देत नाही. तेथील अभ्यास अजून चालू आहे, आणि कशाची तपासणी होते आहे हे आधीच कळले तर पुढे येणाऱ्या माणसाचा हात नकळत वेगळा वागेल, ही तेथील लोकांची अडचण मला पटली. त्यामुळे ज्या पद्धती कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतील तेवढ्याच येथे सांगते; प्रयोगाचा प्रश्न सांगत नाही.

मी तेथे का गेले हे सांगितल्याशिवाय माझे मत वाचकाला नीट तोलता येणार नाही. २०१३ साली सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी वडिलांच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले. पाय चार महिन्यांत बराच सुधारला, हात सुधारला नाही. वडिलांनी आयुष्यभर कचेरीत लेखनाचे काम केले होते आणि त्यांच्या अक्षराचे गावात नाव होते. चौदा महिने रोज मालीश, व्यायाम, विजेचे शेक, कोणी सुचवलेली तेले असे सगळे झाले. हात परत येईल का, असे ज्यांना ज्यांना विचारले त्या सर्वांनी ‘येईल हो, धीर धरा’ एवढेच उत्तर दिले. ते मायेने दिलेले उत्तर होते आणि त्याबद्दल माझ्या मनात राग नाही; पण त्या उत्तराच्या भरवशावर आम्ही त्यांच्या डाव्या हाताला लिहायला शिकवण्याचा विचारच केला नाही. म्हणून हात आणि मेंदू यांच्यामधील वाट मोजणारी माणसे या शहरात आहेत असे कळले, तेव्हा ती काय करतात हे मला स्वतः पाहायचे होते.

पहिला संबंध आला तो प्रयोगशाळेच्या व्यवस्थापक बाईंशी. त्यांनी दूरध्वनीवर जवळजवळ चाळीस मिनिटे प्रश्न विचारले. कधी फिट आली होती का, घराण्यात कोणाला अपस्माराचा त्रास आहे का, डोक्यात किंवा मानेत धातूची चकती, क्लिप किंवा तुकडा आहे का, पेसमेकर किंवा कानात बसवलेले श्रवणयंत्र आहे का, कोणती औषधे चालू आहेत, डोक्याला मोठा मार लागला होता का. प्रयोगाच्या दिवशी सकाळी हेच प्रश्न पुन्हा विचारले गेले, आणि आदल्या रात्री किती झोप झाली व किती कॉफी घेतली याची त्यांत भर पडली. चुंबकीय उद्दीपनाने, म्हणजे डोक्याबाहेर धरलेल्या चुंबकीय वेटोळ्याने मेंदू क्षणभर चेतवल्याने, फिट येण्याची शक्यता अतिशय कमी असते. पण ती शून्य नसते, आणि अपुरी झोप व काही औषधे ती वाढवू शकतात, हे त्यांनी लपवून न ठेवता सांगितले. माझ्या आधीच्या खेपेस एका स्वयंसेवकाने रात्रपाळी करून आल्याचे सांगितले, तेव्हा त्याला त्या दिवसाचे मानधन देऊन परत पाठवण्यात आले, हेही मी तेथेच बसून पाहिले. अशा ठिकाणी जायचे असेल, तर दारातच इतकी खोदून चौकशी होते की नाही, हे मी सर्वांत आधी पाहीन.

यानंतर आली हाताच्या पसंतीची प्रश्नावली, आणि येथे मला या माणसांची खरी ओळख झाली. जगभर वापरली जाणारी ही एडिंबरा प्रश्नावली १९७१ साली प्रसिद्ध झाली. लिहिणे, चित्र काढणे, फेकणे, कात्री, दात घासणे, सुरी, चमचा, झाडू, काडी ओढणे आणि डब्याचे झाकण उघडणे, अशी दहा कामे आपण कोणत्या हाताने करतो हे तिच्यात नोंदवायचे असते. मी जन्माने डावखुरी. पहिलीत बाईंनी पाटीवरची पेन्सिल माझ्या डाव्या हातातून काढून उजव्या हातात दिली, आणि घरी आजीने ताटावर तोच नियम लावला. त्यामुळे मी लिहिते उजव्या हाताने, जेवते उजव्या हाताने, पण चेंडू फेकते आणि काडी ओढते डाव्या हाताने. सुरीचा प्रश्न आला तेव्हा मी सांगितले, की माझी निम्मी हयात विळीवर भाजी चिरण्यात गेली. विळीत पाते स्थिर असते आणि दोन्ही हातांनी भाजी पात्याकडे न्यायची असते. झाडूच्या प्रश्नात दांड्यावर वरचा हात कोणता असे विचारले होते, पण आमच्या केरसुणीला लांब दांडाच नव्हता, ती एका हातात धरून वाकून केर काढायचा.

समोर बसलेली पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी जेमतेम पंचविशीची असेल. माझ्या उत्तरातील सोयीचा तेवढा भाग टिपून पुढे जाणे तिला सहज शक्य होते, कारण लिहिण्याचा हात उजवा म्हणजे स्वयंसेवक उजवखुरी, असे मानले असते तर तिच्या यादीतील एक रिकामी जागा भरली असती. त्याऐवजी तिने लेखणी खाली ठेवली, विळी कशी असते ते मला कागदावर काढून दाखवायला लावले, केरसुणी धरण्याची रीत उठून करायला सांगितली आणि प्रत्येक गोष्टीची वेगळी नोंद केली. नंतर आत जाऊन ती मुख्य प्राध्यापकांशी बोलून आली आणि म्हणाली, की पहिला अभ्यास केवळ उजवखुऱ्या व्यक्तींचा असल्यामुळे त्यात मला घेता येणार नाही. मात्र दुसऱ्या अभ्यासात हाताच्या पसंतीची अट नाही, त्यात यायला आवडेल का? शाळेने आणि घराने माझा हात बदलला याची कोणी शास्त्रीय दृष्टीने दखल घेईल, असे मला पन्नास वर्षांत वाटले नव्हते.

चुंबकीय उद्दीपनाचे सत्र दुसऱ्या भेटीत झाले. ज्यांना याविषयी काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालींची आज्ञा देणारा एक पट्टा असतो आणि त्यात हाताच्या वाट्याला आलेली जागा बरीच मोठी असते. डाव्या अर्धगोलातून निघालेले बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी ओलांडून उजव्या बाजूला जातात, म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात जातो. ही वाट कवटी न उघडता तपासायची तर काय करावे? १९८० साली मर्टन आणि मॉर्टन या ब्रिटिश संशोधकांनी कवटीवरून विजेचा झटका देऊन हात हलवून दाखवला, पण तो झटका वेदनादायक होता. पुढे १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय क्षेत्राचा मार्ग काढला. डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडला, की झपाट्याने बदलणारे चुंबकीय क्षेत्र कवटीतून सहज आत जाते आणि मेंदूच्या त्या भागात सौम्य विद्युत्प्रवाह निर्माण करते. एक स्पंद एका मिलिसेकंदाहून कमी काळ टिकतो. हात हलतो आणि वेदना जवळजवळ होत नाही.

प्रत्यक्षात काय जाणवते? डोक्यावर टिचकी मारावी तसे वाटते, ‘टक्’ असा मोठा आवाज होतो (कानांत बोळे देतात, ते नीट बसवून घ्यावेत), आणि त्याच क्षणी आपण काहीही ठरवलेले नसताना तर्जनी उडते. पहिल्यांदा मी दचकले. आपले बोट दुसऱ्याच्या आज्ञेने हलताना पाहणे हा विलक्षण अनुभव आहे. त्यात भीती कमी आणि अचंबा अधिक असतो. त्याआधी अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील स्नायूवर दोन इलेक्ट्रोड, म्हणजे स्नायूतील वीज टिपणाऱ्या चकत्या, चिकटवतात. त्यासाठी त्वचा खरखरीत लेपाने घासून स्पिरिटने पुसतात, आणि पातळ कातडीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी तेथे थोडी लाली राहते. स्पंदानंतर साधारण वीस मिलिसेकंदांनी स्नायूत विजेची लहर उमटते आणि ती पडद्यावर दिसते.

वेटोळे हातात धरणारे गृहस्थ पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी. झाल्यावर मुदतीच्या करारावर काम करणारे, संशोधक होते. इंग्रजी आठच्या आकाराचे ते वेटोळे हातात जड लागते, आणि ते डोक्याच्या मध्यरेषेशी सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन करून, मूठ मागच्या बाजूला ठेवून, हलू न देता धरायचे असते. समोर अवरक्त कॅमेरा असतो. डोक्यावरच्या पट्टीला आणि वेटोळ्याला लावलेले चकाकते गोळे पाहून तो दोघांची जागा पडद्यावर दाखवतो. तरीही योग्य बिंदू शोधण्याचे काम माणसालाच करावे लागते. अर्धा सेंटिमीटर पुढे, थोडे आत, किंचित फिरवून, असे त्यांनी वीस-पंचवीस मिनिटे केले. लहर सर्वांत मोठी कोठे येते ते सापडल्यावर त्यांनी माझा उंबरठा काढला, म्हणजे हात पूर्ण सैल असताना दहांपैकी किमान पाच वेळा ५० मायक्रोव्होल्टची लहर उमटवणारी सर्वांत कमी शक्ती. एखादा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना जसा प्रत्येक छेडीनंतर थांबून ऐकतो, तसे ते प्रत्येक स्पंदानंतर थांबत.

खोलीत एक छोटा ध्वनिक्षेपक होता आणि त्यातून माझ्या स्नायूचा आवाज येत होता. हात सैल असला की शांतता. जरासा ताण आला की तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज. माझ्या मते हात अगदी सैल होता, पण ध्वनिक्षेपक वेगळे सांगत होता. संशोधकांनी एकदाही ‘हात सोडा’ असे फर्मावले नाही. ते थांबले, उशी बदलली, माझ्या कोपराखाली घडी घातलेला टॉवेल दिला आणि खोली कोमट झाल्यावर पुन्हा सुरुवात केली. शेवटच्या तुकडीत मी थकले आणि तडतड वाढली, तेव्हा त्यांनी पडद्यावरच्या त्या चाळीस नोंदी खूण करून बाजूला काढल्या. इतका वेळ बसून मिळालेल्या नोंदी वाया जातात याचे मला वाईट वाटले आणि मी तसे बोलून दाखवले. ते म्हणाले, की ताणलेल्या स्नायूतील लहर मुळातच मोठी येते. या नोंदी ठेवल्या तर त्यांत तुमच्या मेंदूची नव्हे, तुमच्या थकव्याची माहिती असेल. पुढच्या आठवड्यात त्यांनी तोच भाग पुन्हा केला आणि त्या वेळेचेही मानधन दिले.

तिसऱ्या भेटीत यंत्राच्या दांड्याला धरून पडद्यावरच्या ठिपक्यापर्यंत हात न्यायचा होता. या पद्धतीचा पाया शादमेहर आणि मुस्सा-इवाल्दी या संशोधकांनी १९९४ साली घातला. यंत्र वाटेतच हात बाजूला ढकलते. आधी रेषा वाकडी जाते, शंभरएक प्रयत्नांत मेंदू ती सरळ करतो, आणि मग ढकलणे अचानक बंद केले की हात उलट दिशेला वाकतो. नाहीशा झालेल्या बळाशी हात अजूनही झगडत असतो. अनुभव रंजक आहे, पण सत्र दीर्घ आहे, तोच तो ठिपका शेकडो वेळा येतो, आणि हनुवटी टेकवण्याची पट्टी मध्यम बांध्याच्या भारतीय स्त्रीला फार उंच पडते. मला दोन दिवस मान दुखली. हे मी लेखी कळवले, तेव्हा चौथ्या भेटीत त्यांनी खुर्चीखाली लाकडी ठोकळे आणून ठेवले होते.

चौथ्या भेटीत काम संपल्यावर मी तेथील फिजिओथेरपिस्ट बाईंना वडिलांविषयी विचारले. रुग्णांची सत्रे त्याच घेतात. त्या वेळी चुंबकीय उद्दीपनाचे यंत्र असते तर त्यांचा हात परत येणार की नाही हे कळले असते का? त्यांनी घाई न करता खुर्ची ओढून घेतली आणि न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील कॅथी स्टिनिअर, विन्स्टन बायब्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम समजावून सांगितले. पक्षाघातानंतर बहात्तर तासांच्या आत रुग्ण खांदा बाजूला किती उचलतो आणि बोटे किती उघडतो, याला प्रत्येकी शून्य ते पाच गुण द्यायचे. बेरीज पाच किंवा अधिक आली, तर वय पाहून चांगल्या सुधारणेचा अंदाज बांधता येतो, यंत्राची गरजच लागत नाही. बेरीज त्याहून कमी असेल तर पहिल्या आठवड्यात चुंबकीय उद्दीपन करून पाहायचे. हात हलत नसला तरी स्नायूत लहर उमटली, म्हणजे वाट शाबूत आहे आणि चांगल्या सुधारणेला वाव आहे. लहर उमटली नाही, तर आघात किती तीव्र होता यावरून सुधारणा मर्यादित राहील की अगदी थोडी होईल हे ठरते. २०१२ साली मांडलेली ही पद्धत २०१७ मध्ये सुधारण्यात आली, आणि तिचा तीन महिन्यांनंतरच्या स्थितीविषयीचा अंदाज सुमारे ७५ टक्के रुग्णांत बरोबर ठरला. ज्या रुग्णांच्या उपचारकांना हा अंदाज कळवला गेला, त्यांचा रुग्णालयातील मुक्काम सुमारे एका आठवड्याने कमी झाला.

मग त्यांनी मला जे सांगितले त्यामुळे या प्रयोगशाळेविषयीचे माझे मत कायमचे चांगले झाले. त्या म्हणाल्या, तुमच्या वडिलांना मी तिसऱ्या दिवशी पाहिलेले नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी मला काहीही सांगता येणार नाही. आणि पाहिले असते तरी चारांतील एकाच्या बाबतीत आम्ही चुकतो, हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितले असते. एवढे स्पष्ट उत्तर आम्हाला २०१३ साली कोणी दिले असते, तर आम्ही आशा सोडली नसती, पण दुसऱ्या हातावरही त्याच महिन्यात काम सुरू केले असते. वडिलांनी शेवटची तीन वर्षे अंगठा उठवून निवृत्तिवेतन घेतले.

उणिवांबद्दल आता स्पष्ट लिहिते, कारण कौतुकच करायचे असते तर मी हे त्यांनाच पत्राने कळवले असते. माहितीपत्रक नऊ पानांचे आहे आणि त्यातील इंग्रजी इतके क्लिष्ट आहे, की चांगले शिकलेल्या माणसालाही दोनदा वाचावे लागते. सत्रे केवळ सोमवार ते शुक्रवार, कार्यालयीन वेळेतच होतात. नोकरी करणाऱ्याने यावे कसे? वैयक्तिक निकाल दिले जात नाहीत. ही रोगनिदानाची चाचणी नाही, हे त्यामागील कारण मला मान्य आहे. परंतु सर्वांचा मिळून काय निष्कर्ष निघाला याचे एक पान तरी प्रत्येकाला न मागता मिळायला हवे, आणि मला ते दोनदा विचारल्यावर मिळाले. सर्वांत मोठी खंत माणसांविषयी आहे. वेटोळे धरणाऱ्या त्या संशोधकांचा करार अनुदानाबरोबर येत्या वसंतात संपतो आहे. तो हात तयार व्हायला त्यांना कित्येक वर्षे लागली. त्यांच्या जागी येणाऱ्याला ते सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागेल. ही या एका प्रयोगशाळेची चूक नाही, ब्रिटनमधील विद्यापीठांत संशोधक अशाच मुदतीच्या करारांवर काम करतात. पण तेथे जाणाऱ्याला जी काळजीपूर्वक वागणूक मिळते ती या माणसांमुळे मिळते, यंत्रामुळे नाही, हे पैसा देणाऱ्यांच्या ध्यानात यायला हवे.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. आदल्या दिवशी न्हाऊन जावे आणि केसांना तेल लावू नये, कारण तेलामुळे डोक्यावरची पट्टी आणि इलेक्ट्रोड सरकतात. अंबाडा, क्लिपा, कर्णफुले आणि मंगळसूत्र यांबद्दल आधीच विचारून घ्यावे. माझे मंगळसूत्र मी रुमालात बांधून पर्समध्ये ठेवले. सैल बाह्यांचा सदरा किंवा कुडता घालावा. पोटभर नाश्ता करून जावे. मानधन तासाला दहा पौंडांच्या आसपास आणि बसभाडे वेगळे. पैशासाठी जाण्यासारखे ते नाही. मध्येच थांबावेसे वाटले तर कारण न देता थांबता येते, आणि हे वाक्य तेथे केवळ कागदावर नाही; तिसऱ्या सत्रात मी विश्रांती मागितली तेव्हा कोणाच्याही कपाळाला आठी पडली नाही.

एक गोष्ट अजून अपुरी आहे. स्वयंसेवकाला इंग्रजी नीट समजले पाहिजे अशी अट असल्याने, मुलांकडे येऊन राहिलेले आपल्याकडचे सत्तरीचे आजी-आजोबा या अभ्यासांत जवळजवळ नसतात, आणि मग त्यांच्या हातांविषयीचे ज्ञान दुसऱ्यांच्या हातांवरून बांधले जाते. मी व्यवस्थापक बाईंना म्हटले, की मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी मी स्वतः शेजारी बसून भाषांतर करीन, पैसे नकोत. त्यांनी आभार मानले आणि नकार दिला. ओळखीच्या माणसाने समजावून सांगितले की वडीलधारे भिडेखातर ‘हो’ म्हणतात, तो होकार आम्हाला संमती म्हणून धरता येत नाही, त्यासाठी त्रयस्थ दुभाषीच हवा, असे त्या म्हणाल्या. पुढच्या अनुदानाच्या अर्जात दुभाष्याचा खर्च आणि माहितीपत्रकाचे मराठी भाषांतर या दोन बाबी त्यांनी घातल्या आहेत, आणि भाषांतराचा मसुदा आपल्या भाषेत वाचताना नैसर्गिक वाटतो का हे तपासण्याचे काम मला दिले आहे. ‘विळी’ आणि ‘केरसुणी’ हे शब्द त्या प्रश्नावलीत कसे बसवायचे, यावर सध्या आमचा पत्रव्यवहार चालू आहे.